संगणकातील टोळ्या व त्यांचे नियंत्रण

बिदर व कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील शेतकरी बांधवांना ‘पहाणी’चा उतारा आज संगणकातून मिळतो. कर्नाटक राज्यात सन २००० च्या सुमारास सुरू झालेल्या ‘भूमी’ योजनेने ही सोय तालुक्याच्या ठिकाणी आणली. खिडकीपुढे उभ्या असलेल्या माणसास संगणक हे एकच यंत्र दिसते. परंतु त्याच्या आत एकाच वेळी अनेक कामे चालू असतात. युनिक्स व तिच्या वळणाची लिनक्स या प्रणालींत ही कामे गटाने कशी बांधली जातात, याची माहिती येथे थोडक्यात देत आहोत.

चालू असलेल्या प्रत्येक कामास ‘प्रक्रिया’ म्हणतात, आणि सर्व प्रक्रियांवर देखरेख करणाऱ्या व्यवस्थेस ‘कार्यप्रणाली’. प्रक्रियेस काही हवे असल्यास तिला कार्यप्रणालीकडे ठरावीक नावाने मागणी करावी लागते. ‘फोर्क’ या मागणीने एक प्रक्रिया दुसरीस जन्म देते.

समजा, एखाद्या कार्यालयात गावाच्या खातेदारांची यादी छापावयाची आहे. एक प्रक्रिया नोंदी वाचते, दुसरी त्यांचा क्रम लावते, तिसरी छपाईकडे पाठविते. मध्येच यादी भलत्याच गावाची असल्याचे लक्षात आले आणि केवळ पहिलीच प्रक्रिया थांबविली, तर उरलेल्या दोघी काही काळ चालूच राहू शकतात. कागद वाया जातो, छपाईयंत्र अडून राहते, आणि दिवसाची मजुरी बुडवून आलेला शेतकरी खिडकीशी ताटकळतो.

यावरील उपाय आपल्या भागातील ऊसतोडीच्या टोळीसारखा आहे. टोळी मुकादमाच्या नावाने ओळखली जाते. तसाच ‘प्रक्रियागट’ त्याच्या म्होरक्या प्रक्रियेच्या क्रमांकाने ओळखला जातो. मुकादम गावी गेला तरी टोळीचे नाव बदलत नाही. म्होरक्या प्रक्रिया संपली तरी शेवटचा सभासद असेपर्यंत गट त्याच क्रमांकाने टिकतो. फरक एवढाच की, येथे हुकूम मुकादमामार्फत जात नाही. कार्यप्रणाली तो प्रत्येक सभासदास स्वतः पोचविते.

नवजात प्रक्रिया प्रथम जननीच्याच गटात असते. ‘सेटपीजीआयडी’ या मागणीने तिला नव्या गटात घालता येते. जननी व अपत्य यांपैकी आधी कोण धावेल याचा नेम नसल्याने, कुशल कार्यक्रमलेखक ही मागणी दोघींकडूनही करवितात. पुढे ‘किल’ या मागणीस गटक्रमांक वजा चिन्ह लावून दिला की, थांबण्याचा संकेत सर्व गटास एकदम मिळतो.

काट्यावर एका वेळी एकच गाडी उभी राहते, त्याप्रमाणे कळफलकावर एका वेळी एकाच गटाचा हक्क असतो. तो ‘टीसीसेटपीजीआरपी’ या मागणीने सोपविला जातो. कंट्रोल व सी या कळा एकत्र दाबल्यास थांबण्याचा संकेत त्याच पुढील गटास जातो. मागे चाललेल्या गटांस धक्का लागत नाही.

येथे सावधगिरी अत्यावश्यक आहे. ‘किल’ला गटक्रमांकाऐवजी शून्य दिल्यास संकेत स्वतःच्याच गटास जातो; वजा एक दिल्यास अधिकारात असलेल्या जवळजवळ सर्व प्रक्रियांस जातो. तसेच ‘सेटसिड’ या मागणीने एखादी प्रक्रिया नवे सत्र व नवा गट मांडून वेगळी होऊ शकते. मग जुन्या गटाचा हुकूम तिला लागू होत नाही. अशा पळवाटांवर सन २००८ पासून लिनक्समध्ये ‘सीग्रुप’ ही अधिक पक्की बांधणी उपलब्ध आहे.

कामांच्या नियंत्रणाची ही पद्धत सन १९८० च्या सुमारास अमेरिकेतील बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये आली आणि १९८८ च्या ‘पॉझिक्स’ मानकाने तिला सर्वमान्य रूप दिले.

शिक्षकांनी विद्यार्थ्यांस व अधिकाऱ्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांस हे तत्त्व अवश्य समजावून द्यावे. काम सुरू करतानाच त्याचा गट नीट बांधला, तर ते थांबविण्याची वेळ येईल तेव्हा मागे काही लोंबकळत राहत नाही, आणि खिडकीशी उभ्या असलेल्या माणसाचा खोळंबाही टळतो.