इम्मॉर्टल आणि इटर्नल: उत्तर आपल्या खुलताबादेत

हे दोन शब्द आपण सर्रास एकाच अर्थाने वापरतो. फरक मात्र मोठा आहे. 'इम्मॉर्टल'च्या पोटात लॅटिनमधलं मरण आहे: जन्म झाला, पण मरण नाही. आपला अश्वत्थामा तसा. 'इटर्नल'चं मूळ काळाशी जोडलेलं. काटेकोर अर्थाने जे इटर्नल, त्याला सुरुवातही नाही आणि शेवटही नाही. म्हणून चिरंजीवांना इम्मॉर्टल म्हणता येईल, इटर्नल नाही. (लग्नपत्रिकेतल्या 'चि.'वाल्यांनी हुरळून जाऊ नये, तिथे नुसता दीर्घायुष्याचा आशीर्वाद आहे!)

हा फरक समजून घ्यायचा तर छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातून तासाभरात खुलताबाद गाठता येतं. नावाचं मूळ रूप खुल्दाबाद, त्याआधीचं नाव रौजा. 'खुल्द' म्हणजे चिरंतनता, स्वर्गही. औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला, दफन इथे झालं. मरणोत्तर त्याला 'खुल्द-मकान' म्हणू लागले, म्हणजे ज्याचं घर चिरंतनात आहे असा. गावाचं नावही त्यावरूनच. बाबराला 'फिर्दौस-मकानी', हुमायूनला 'जन्नत-आशियानी' अशाच पदव्या होत्या.

आपण 'कै.' लिहितो तेही हेच. कैलासवासी! माणूस मेला हे मान्य करायचं आणि त्याचा पत्ता मात्र न संपणाऱ्या जागेचा द्यायचा. म्हणजे राहणारा इम्मॉर्टल नाही, घर इटर्नल. माझ्या मते हा फरक शब्दकोशापेक्षा खुलताबादच्या त्या साध्या, उघड्या कबरीपाशी लवकर कळतो. जाणार असाल तर वेरूळही त्याच रस्त्यावर, पुढे काही किलोमीटरवर आहे. तिथलं कैलास लेणं बघूनच परता.