काळी, पांढरी आणि शहराची शीव

शहरांच्या अनिर्बंध वाढीचा प्रश्न सामान्यतः नगररचनाकारांचा मानला जातो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात लक्ष का घालावे, अशी शंका वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, जमिनीच्या वापराचे नियोजन हे प्रथमतः नामकरणाचे कार्य आहे. नकाशावर रेघ ओढून तिच्या दोन अंगांस दोन संज्ञा दिल्या जातात, आणि त्या संज्ञांवरून मालकाचे हक्क व जमिनीचे मोल ठरते. प्रस्तुत लेखात पुण्याच्या उदाहरणाने अशा काही संज्ञांचा विचार करावयाचा आहे.

जुन्या मराठी गावात 'काळी' आणि 'पांढरी' असा भेद रूढ होता. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्यांची राख आणि पडलेल्या घरांची माती मिसळून वस्तीखालची जमीन पांढुरकी होते. म्हणूनच पुरातत्त्वज्ञ आजही पांढरीच्या टेकाडांवरून प्राचीन वसाहतींचा माग काढतात. पांढरीपलीकडे शिवार, गायरान, कुरण, माळ असे शब्द होते, आणि ह्यांपैकी प्रत्येक शब्द त्या जमिनीचा स्वभाव वा तिचे प्रयोजन सांगत असे. गायरान ही 'रिकामी' जागा नव्हती. ती गुरांची जागा होती. अर्थात ह्या व्यवस्थेविषयी हळवे होण्याचे कारण नाही. ज्या वेशीने वस्तीला मर्यादा घातली, तिनेच अस्पृश्य मानलेल्यांची घरे आपल्या बाहेर ठेवली. सीमारेषा कोणाला आत घेते आणि कोणाला बाहेर ठेवते, हा प्रश्न आधुनिक नियोजनातही टळलेला नाही.

गावाच्या हद्दीस 'शीव' म्हणतात. संस्कृत 'सीमा' ह्या शब्दाचे हे प्राकृतातून आलेले रूप. मुंबई बेट व साष्टी ह्यांच्या हद्दीवरील शीव आज महानगराच्या पोटात आहे. शहर पुढे सरकले. हद्दीचे नाव मात्र जागच्या जागी राहिले.

आता आधुनिक संज्ञांकडे वळू. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने आखणीबद्ध विस्ताराचा मार्ग खुला केला. १९५४ च्या कायद्याने संपूर्ण शहरासाठी विकास योजना करण्याचे बंधन नगरपालिकांवर घातले. आणि १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने शहराबाहेरील प्रदेशही नियोजनाच्या कक्षेत आणला. ह्या व्यवस्थेत हिरवी जागा राखण्याची दोन साधने आहेत आणि त्यांची गल्लत अनेकदा होते. पहिले साधन 'विभाग'. ह्यात जमीन मालकाचीच राहते. केवळ तिच्या वापरावर मर्यादा येते. दुसरे 'आरक्षण'. ह्यात जमीन उद्यानासारख्या सार्वजनिक कामासाठी नेमून दिलेली असते व ती पुढे संपादन करावयाची असते. योजना अंमलात आल्यापासून १० वर्षांत तसे न घडल्यास १९६६ च्या अधिनियमाच्या १२७ व्या कलमान्वये मालकाला नोटीस देता येते, आणि तीनंतरच्या विहित मुदतीतही शासन हलले नाही तर आरक्षण रद्द होते. कित्येक नियोजित उद्याने नकाशावरच राहण्याचे एक कारण हे आहे.

विभागांच्या नावांत 'ना-विकास विभाग' अशी एक संज्ञा आढळते. महसुलाच्या भाषेतील 'बिगरशेती' ही तिचीच बहीण. दोन्ही नकारार्थी आहेत. 'ना-विकास' म्हटले की विकास हीच जमिनीची स्वाभाविक गती असून ती तूर्त रोखून धरली आहे, असा अर्थ आपोआप ध्वनित होतो. मालक वाट पाहतो, दलालही वाट पाहतो. आणि योजनेची फेरतपासणी आली की विभाग बदलून घेण्याची धडपड सुरू होते. केवळ नावामुळे हे घडते असे माझे म्हणणे नाही. जमिनीच्या किमतीतील प्रचंड तफावत हेच मूळ कारण होय. परंतु जिचे प्रयोजन कोणी सांगितलेलेच नाही, त्या जमिनीच्या बाजूने युक्तिवाद करणे अवघड जाते.

ह्याउलट लंडनच्या हरित पट्ट्याचे उदाहरण पाहावे. १९३८ च्या कायद्याने त्याचा आरंभ झाला आणि १९५५ च्या शासकीय परिपत्रकाने हे धोरण इतर शहरांसही खुले केले. शहराची वाढ रोखणे आणि शेजारची गावे एकमेकांत मिसळू न देणे, ही त्याची प्रयोजने तेथे स्पष्ट शब्दांत मांडली गेली. पट्टा बराचसा टिकला. त्याची किंमतही पडली: आतील घरे महागली आणि अनेकांना पट्टा ओलांडून दूर राहावे लागले.

पुण्याची महानगरपालिका १९५० मध्ये स्थापन झाली. १९९७ मध्ये भोवतालची गावे हद्दीत घेण्यात आली आणि त्यांपैकी २३ कायम राहिली. २०१७ मध्ये ११ व २०२१ मध्ये आणखी २३ गावे आली. त्या वर्षी शहराचे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरांहून अधिक झाले. पहिल्या २३ गावांतील टेकड्यांची सुमारे ९७८ हेक्टर जमीन 'जैवविविधता उद्यान' म्हणून राखण्यास राज्य शासनाने २०१५ मध्ये मान्यता दिली. येथे प्रथमच टेकडीला होकारार्थी नाव मिळाले, ही माझ्या मते लहान गोष्ट नव्हे. पण मोबदला म्हणून ८ टक्के हस्तांतरणीय विकास हक्क देऊ केला गेला, आणि तो अपुरा असल्याची मालकांची तक्रार राहिली. जमीन संपादन होत नाही, मालक समाधानी नाही, आणि ह्या मधल्या काळात उतारावर घरे उभी राहतात. त्यांतील पुष्कळ घरे अशांची असतात, ज्यांना खालच्या सपाटीवर परवडणारी जागाच उरलेली नाही. तेव्हा टेकडी राखावयाची असेल तर सपाटीवर स्वस्त घरांची तरतूद त्याच योजनेत व्हावयास हवी.

टेकडीवरचे पाणी ओढ्यांनी खाली येते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून येणाऱ्या आंबील ओढ्याला पूर आला आणि त्या रात्रीच्या पावसाने व पुराने शहरात व परिसरात वीसांहून अधिक माणसांचा बळी घेतला. पात्रालगतच्या वस्त्यांत पाणी शिरले, भिंती पडल्या. लोकांच्या तोंडी आजही 'ओढा' हाच शब्द आहे. नगरपालिकांच्या कागदोपत्री मात्र अशा प्रवाहांस बहुधा 'नाला' म्हणतात, आणि शहरी मराठीत नाला म्हणजे सांडपाणी वाहून नेणारी वाट. ओढ्याला काठ असतो, पूररेषा असते. नाल्याला भिंत बांधतात किंवा त्यावर स्लॅब टाकतात.