गव्हाला थंडी कळते कुठे?

पुण्याच्या मार्केट यार्डातील भुसार बाजारात लोकवन, सिहोर, खपली असे नाना गहू तुम्हांला दिसतील. त्यांतले मूठभर दाणे नोव्हेंबरात पेरा. जानेवारी-फेब्रुवारीत ओंब्या डोलू लागतील. तेथेच रशियातील हिवाळी गहू पेरला तर? ठोंब हिरवेगार वाढेल, पण ओंबी धरणार नाही!

थंड देशांत हा गहू शरद ऋतूत पेरतात आणि तो बर्फाखाली हिवाळा काढतो. थंडीआधीच फुलला तर फुले गोठून मरतील. म्हणून काही आठवडे थंडी सोसल्याशिवाय तो फुलतच नाही. पुण्यात दिवसा ऊन तापते. तेवढी थंडी त्याला पुरत नाही. मोड आलेले बी मात्र सहा ते आठ आठवडे 0 ते 10 अंश सेल्सियसमध्ये ठेवून पेरले, तर ओंब्या येतात. यालाच वासंतीकरण म्हणतात.

पण थंडी कळते कोणाला? पानांना की मुळांना? 1930 नंतरच्या दशकात लंडनमध्ये ग्रेगरी आणि पर्विस यांनी राय या गव्हाच्या भाऊबंद धान्याच्या दाण्यातून इवलासा भ्रूण अलग काढला, साखर घातलेल्या पोषक माध्यमावर ठेवला आणि त्याला थंडी दिली. त्यापासून वाढलेली रोपे लवकर फुलली! म्हणजे पाने नसताना, वाढत्या भ्रूणालाच थंडी कळली. त्याच्या पेशींत काय घडते, याचा उलगडा 2003 मध्ये गव्हातील 'व्हीआरएन 1' हे जनुक हाती आल्यावर होऊ लागला. थंडीत ते जागे होते आणि ऊब आल्यावरही जागेच राहते.

याचा आपल्याला उपयोग काय? आपल्याकडे 1995 मध्ये आलेल्या 'पीबीडब्ल्यू 343' या वाणाच्या पूर्वजांत 'कावकाझ' हा हिवाळी गहू होता. तांबेरा रोगाशी झुंजण्याची काही शक्ती त्याच्याकडून आली. पुढे तांबेऱ्याच्या बुरशीने रूप बदलून ते संरक्षण भेदले. म्हणून नवे संकर करतच राहावे लागतात.

संकरासाठी दोन्ही गहू एकाच वेळी फुलायला हवेत. तेथे शीतसंस्कार कामी येतो. पुढचे काम ऊतकसंवर्धनाचे. संकरित गव्हाच्या फुलावर मक्याचे पराग टाकतात. मक्याची गुणसूत्रे लवकरच नाहीशी होतात आणि गव्हाची केवळ 21 गुणसूत्रे असलेला भ्रूण उरतो. त्याला दाण्यात अन्नसाठा नसतो. म्हणून तो काढून काचनळीत वाढवतात. रोप हिवाळी असेल तर त्याला काही आठवडे थंडी देतात. मग कॉल्चिसीन या द्रव्याने गुणसूत्रे दुप्पट, म्हणजे 42, करतात. सहा-सात पिढ्यांनी मिळणारा शुद्ध वाण असा एकाच पिढीत हाती येतो.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. शेतातल्या काही कांद्यांना अवेळी डेंगळे येतात. त्यात थंडीचा हात असेल का? शिक्षकांशी चर्चा करा.