शेवट फसला, तर मालिका फसते का?

अमेरिकेत २० मार्च २००९ रोजी ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या विज्ञानमालिकेचा शेवटचा भाग दाखवला गेला. त्याच्या तीनच दिवस आधी न्यूयॉर्कमध्ये, चक्क संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात, या मालिकेवर चर्चासत्र झाले होते. मानवी हक्क, दहशतवाद, युद्धात सापडलेली मुले असे विषय होते. विज्ञानकथेच्या वाट्याला असा मान सहसा येत नाही. आणि तीन दिवसांनी याच मालिकेच्या शेवटाने चाहत्यांचे दोन तट पाडले. ते अजून एकत्र आलेले नाहीत. काहींना तो शेवट डोळ्यांत पाणी आणणारा वाटतो, तर काहींना शुद्ध फसवणूक. माझी पंचाईत अशी, की मला दोन्ही पटते.

आजच्या लेखात हा शेवट फोडून सांगावा लागणार आहे. ज्यांना मालिका अजून पाहायची आहे, त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही.

कथा थोडक्यात अशी. माणसाने बनवलेले सायलॉन नावाचे यंत्रमानव उलटतात आणि माणसांच्या बारा वसाहती अणुबॉम्बने बेचिराख करतात. उरतात ती जेमतेम पन्नास हजार माणसे, काही जहाजे आणि निवृत्तीला आलेली एक युद्धनौका. सरकारातले वरचे सगळे मारले गेल्याने शिक्षणमंत्री लॉरा रोझलिन राष्ट्राध्यक्ष होतात. त्याच दिवशी डॉक्टरांनी त्यांना स्तनांचा कर्करोग असल्याचे सांगितलेले असते. हा तांडा ‘पृथ्वी’ नावाच्या दंतकथेतल्या ग्रहाच्या शोधात निघतो. शेवटी तो पोहोचतो आपल्याच पृथ्वीवर, पण दीड लाख वर्षांपूर्वीच्या. तिथे आदिम माणसे आहेत. मग हे लोक आपली सगळी जहाजे सूर्यात सोडून देतात, तंत्रज्ञानाला रामराम ठोकतात आणि पृथ्वीभर पांगतात. मेल्यानंतर परत आलेली वैमानिक कारा थ्रेस बोलता बोलता माळरानावर अदृश्य होते. आणि हेरा नावाची एक लहान मुलगी, जिचा बाप माणूस आणि आई सायलॉन आहे, ती पुढे ‘मायटोकॉन्ड्रियल ईव्ह’ ठरते.

सगळ्यात आधी टोचते ते इथेच. मालिकेत आजच्या न्यूयॉर्कमधले एक मासिक दाखवले आहे. मायटोकॉन्ड्रियल ईव्ह म्हणजे आज जिवंत असलेल्या सर्व माणसांची सर्वांत अलीकडची सामाईक पूर्वज, असे त्यातून वाचून दाखवले जाते. विज्ञान असे म्हणत नाही. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे आपल्या पेशींतली ऊर्जाघरे. त्यांचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो, त्यात अवघी ३७ जनुके असतात आणि तो आपल्याला फक्त आईकडून मिळतो. १९८७ मध्ये रिबेका कान, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी जगाच्या वेगवेगळ्या भागांत मुळे असलेल्या १४७ जणांचा हा डीएनए तपासला. सगळ्यांच्या आईची आई, तिची आई असे मागे जात राहिले, तर या रेषा सुमारे दोन लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या एका स्त्रीपाशी मिळतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तिला ईव्ह हे नाव पडले आणि घोटाळा सुरू झाला.

ती त्या काळातली एकमेव स्त्री नव्हती. तिच्या आसपास हजारो स्त्रिया होत्या आणि त्यांच्यातल्या अनेकींचे रक्त आजही आपल्यात आहे. फक्त त्यांची अखंड ‘आईकडून लेकीकडे’ जाणारी रेषा कुठे ना कुठे खुंटली. आपल्याकडच्या आडनावाचे उदाहरण घ्या. एखाद्या घरात सगळ्या मुलीच झाल्या, तर त्या घराचे आडनाव पुढे जात नाही. म्हणून काही त्या घराचा वंश संपत नाही, नातवंडे असतातच. मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए म्हणजे असे उलटे आडनाव, आईकडून चालणारे. ज्या बाईला फक्त मुलगे झाले, तिचे हे ‘आडनाव’ तिच्या नातवंडांपर्यंत पोहोचत नाही. सर्व रेषांनी जोडणारी, म्हणजे आईवडील दोघांच्याही बाजूने मोजलेली, सर्वांत अलीकडची सामाईक पूर्वज व्यक्ती तर गणिती प्रारूपांनुसार अवघ्या काही हजार वर्षांपूर्वी होऊन गेली असावी.

गंमत म्हणजे लेखकांनी हे विज्ञान नीट धरले असते, तर कथा अधिक धारदार झाली असती. हेराचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए तिच्या सायलॉन आईचा. म्हणजे मालिकेच्या हिशेबाने आज तुमच्याआमच्या प्रत्येक पेशीतली ऊर्जाघरे त्या यंत्रांच्या वंशातली आहेत! ज्यांच्यापासून पळण्यात चार पर्वे गेली, तेच आपल्या आत बसले आहेत. शेवटच्या भागाने या विचाराला स्पर्श केला, पण तो उलगडला नाही.

दुसरी खटकणारी गोष्ट आरोग्याची आहे. सुमारे अडतीस हजार माणसे, कुणी फारशी कुरकुर न करता, औषधे आणि शस्त्रक्रियेची साधने सोडून देतात. नवी सुरुवात करायची, जुन्या चुकांचे चक्र मोडायचे, ही भावना सुंदर आहे. पण आधुनिक वैद्यक येण्यापूर्वी जगात जन्मलेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी मोठी होण्याआधीच दगावत. अडलेले बाळंतपण, दूषित पाणी, चिघळलेली जखम यातले काहीही पुरेसे असे. युद्धातून वाचलेल्या आईबापांनी आपल्या मुलांसाठी हे हसत पत्करावे, हे पटत नाही. ज्या मालिकेने पाणी, इंधन आणि औषधांच्या टंचाईवर भागच्या भाग खर्च केले, तिने शेवटी हा हिशेब केलाच नाही.

आणि कारा थ्रेस? ती कोण होती, परत कशी आली, याचे उत्तर एवढेच, की यामागे कुठली तरी दैवी शक्ती आहे. दुसऱ्या ग्रहावरच्या माणसांचा डीएनए पृथ्वीवरच्या माणसांशी जुळतो, यालाही तेच उत्तर. देवाची करणी आणि नारळात पाणी. मालिकेत श्रद्धेचा धागा पहिल्यापासून होता, हे खरे. पण धागा असणे वेगळे आणि सगळ्या गाठी त्यानेच सोडवणे वेगळे.

इतके असूनही हा शेवट टाकवत नाही, त्याला कारण दोन माणसे.

एक म्हणजे लॉरा रोझलिन. पडद्यावरचा कर्करोग बहुधा रडवण्यापुरता येतो किंवा ‘लढाई’ म्हणून. इथे तो पहिल्या दिवसापासून कामाच्या दिवसाचा भाग आहे. आजार लपवणे, मध्येच मिळालेला दिलासा, मग रोगाचे परतणे, सलाइनमधून दिले जाणारे उपचार, गेलेले केस, डोक्यावरचा टोप, आणि एका टप्प्यावर उपचार थांबवून मिळालेले चार बरे दिवस मोकळेपणाने जगणे. शेवटच्या भागात त्या अॅडमिरल अडामांबरोबर छोट्या यानातून पृथ्वीवरची प्राण्यांनी भरलेली माळराने पाहतात आणि पाहता पाहता जातात. अडामा आपली अंगठी त्यांच्या बोटात घालतात. मोठे भाषण नाही, चमत्कार नाही. आजारी माणसाला शेवटी काय हवे असते, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच दाखवले गेले आहे.

दुसरा गायस बाल्टार. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला हा बुद्धिमान शास्त्रज्ञ. त्याने आपली बोली टाकली, गाव लपवले, म्हाताऱ्या बापाची लाज बाळगली. पृथ्वीवर आल्यावर तो एवढेच म्हणतो, की मला शेतीतले कळते, आणि त्याला रडू फुटते. शिकून शहरात आलेल्या आणि गावाकडची भाषा तोंडातून निसटू नये म्हणून जपणाऱ्या कुणालाही हा प्रसंग परका वाटणार नाही.

मग एका शेवटाने पन्नासहून अधिक तासांचा आनंद नासतो कसा? याचे उत्तर मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत सापडते. १९९३ मधल्या एका प्रयोगात लोकांना १४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात एक मिनिट हात बुडवायला सांगितले. दुसऱ्या फेरीत तेवढेच एक मिनिट आणि वर आणखी अर्धा मिनिट, ज्यात पाणी हळूहळू एका अंशाने कोमट केले. पुन्हा कोणती फेरी कराल, असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरी, म्हणजे जास्त वेळ त्रास देणारी निवडली, कारण तिचा शेवट बरा होता. मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी झालेल्या रुग्णांतही हेच दिसले. तपासणी चार मिनिटे चालली की तासाहून अधिक, याचा त्यांच्या आठवणीवर फारसा परिणाम नव्हता. सर्वांत तीव्र कळ कोणती होती आणि शेवटची काही मिनिटे कशी गेली, यावर आठवण ठरत होती. पुढे ६८२ रुग्णांच्या चाचणीत निम्म्या जणांसाठी शेवटी दुर्बीण थोडा वेळ न हलवता तशीच ठेवली. त्यांना तपासणी कमी त्रासाची आठवली आणि पुढच्या तपासणीसाठी ते थोडे अधिक प्रमाणात परत आले.

म्हणजे आपल्यात जणू दोघे राहतात, एक अनुभव घेणारा आणि दुसरा आठवण ठेवणारा. दुसऱ्याच्या वहीत सगळी पाने नसतात, ठळक क्षण आणि शेवट तेवढा असतो. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी दोन मिनिटे शांतपणे बोलणे किंवा लस टोचून झाल्यावर मुलाला लगेच न उठवता जरा थोपटणे, याला म्हणूनच अर्थ आहे.

चाहत्यांच्या रागामागे आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे वियोग. पडद्यावरच्या माणसांशी आपले एकतर्फी नाते जुळते, हे डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच मांडले होते. २००४ मध्ये ‘फ्रेंड्स’ संपली, तेव्हा प्रेक्षकांच्या अभ्यासात दिसले, की ज्यांचे नाते घट्ट होते आणि जे एकटे होते त्यांना मालिका संपल्याचे दुःख अधिक झाले. हे दुःख खऱ्या ताटातुटीपेक्षा सौम्य असते, पण असते. त्यात हसण्यासारखे काही नाही. मालिका संपल्यावर चिडचिड होत असेल, तर ती पटकथेवरची किती आणि निरोपाची किती, हे एकदा तपासून पाहावे.

आठवण ठेवणाऱ्याने दिलेला निकाल बदलता येत नाही असे नाही. त्याच्यासमोर पुन्हा जुनी पाने ठेवायची. या मालिकेपुरते सांगायचे तर ‘३३’ हा पहिल्या पर्वाचा पहिला भाग परत पाहावा. त्यात शत्रू दर तेहतीस मिनिटांनी गाठतो, पाच दिवस कुणी झोपलेले नसते आणि राष्ट्राध्यक्षांच्या फळ्यावर जिवंत माणसांचा आकडा सतत खाली येत असतो. भागाच्या अखेरीस तांड्यातल्या एका जहाजावर बाळ जन्मते. रोझलिन उठतात आणि फळ्यावरचा आकडा एकाने वाढवतात.