आधी गाणं, मग बँड

नावाजलेले संगीतकार एकत्र येऊन बँड काढतात तेव्हा तो बहुतेक वेळा बारभाईचा कारभार ठरतो. १९६९ साली लंडनमध्ये एरिक क्लॅप्टन, स्टीव्ह विनवुड, जिंजर बेकर आणि रिक ग्रेच यांनी ‘ब्लाइंड फेथ’ सुरू केला. हाइड पार्कमधल्या पहिल्याच कार्यक्रमाला लाखभर लोक लोटले आणि तोवर बँडचा एकही अल्बम बाजारात आलेला नव्हता. एक अल्बम, अमेरिकेचा एक दौरा, की वर्ष संपायच्या आत खेळ खलास. अशा वेळी मोठ्या कलावंतांचा अहंकार आडवा आला, असं म्हणून मोकळं व्हायची पद्धत आहे. मला ते कारण अपुरं वाटतं. अहंकार काय, गल्लीतल्या ऑर्केस्ट्रातही असतो. खरी गोची क्रमाची आहे. आधी नावं जमतात, मग अपेक्षा, मग दौऱ्याच्या तारखा ठरतात आणि गाण्यांचा विचार सगळ्यांत शेवटी होतो. हाच क्रम उलटला तर काय होतं, ते ‘ट्रॅव्हलिंग विल्बरीज’ या अल्पायुषी बँडकडे पाहिलं की कळतं.

१९८८ च्या एप्रिलमध्ये जॉर्ज हॅरिसन लॉस एंजेलिसला होता. बीटल्सचा हा गिटारवादक आपल्याला रविशंकरांचा शिष्य म्हणूनही माहीत आहे. १९६८ च्या जानेवारीत त्याने मुंबईत एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ध्वनिमुद्रणही केलं होतं. त्याच्या ‘क्लाउड नाइन’ या अल्बममधलं एक गाणं युरोपात सुट्या तबकडीवर निघणार होतं आणि तिच्या मागच्या बाजूसाठी कंपनीला आणखी एक गाणं हवं होतं. मागची बाजू म्हणजे भरताड, तिच्याकडे कोण लक्ष देतो! त्या अल्बमचा सहनिर्माता जेफ लिन तेव्हा रॉय ऑर्बिसनसोबत काम करत होता. तिघांचं जेवता जेवता ठरलं, पण आयत्या वेळी स्टुडिओ कुठला मिळायला? बॉब डिलनच्या मालिबूच्या घरी, गॅरेजमध्ये, छोटासा स्टुडिओ होता; तिथे जमायचं ठरलं आणि डिलनही सामील झाला. हॅरिसनची गिटार टॉम पेटीकडे राहिली होती, ती आणायला गेल्यावर पेटीही आला. गाण्याला शब्द सुचेनात, तेव्हा गॅरेजमधल्या एका खोक्यावर चिकटवलेली ‘हँडल विथ केअर’, म्हणजे ‘जपून हाताळा’ ही सूचना हॅरिसनने उचलली. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी गाणं ऐकलं आणि हे मागच्या बाजूला वाया घालवायचं नाही, असं ठरवलं. पण मग त्याचं करायचं काय? हॅरिसनचा तोडगा होता, अशी आणखी नऊ करू. गाण्याला घर हवं म्हणून बँड जन्माला आला.

आता हे गाणं नीट ऐका. कडवी हॅरिसन साध्या, किंचित थकलेल्या आवाजात म्हणतो. मग चाल वर चढते आणि तिथे ऑर्बिसनचा तो भरदार, कापरा आवाज येतो, जो इतर चौघांपैकी कुणालाच साधला नसता. लगेच डिलन आणि पेटी आपल्या खरखरीत नाकातल्या सुरात पुढच्या ओळी उचलतात. वाटणी ज्येष्ठतेने केलेली नाही, गाण्याच्या गरजेने केलेली आहे. डिलनसारख्या कवीच्या वाट्याला त्यात थोड्याशाच ओळी आणि शेवटी माउथ ऑर्गन! मे महिन्यात डेव्ह स्टुअर्ट या संगीतकार मित्राच्या घरी उरलेली गाणी झाली तीही याच रीतीने. डिलनचा दौरा जूनमध्ये सुरू होत असल्याने हाताशी जेमतेम दहाएक दिवस होते. पाचही जण स्वयंपाकघरात बसून गिटारी वाजवत, आणि ‘रॅटल्ड’ या गाण्यात तर ड्रमवादक जिम केल्टनरने चक्क फ्रिजच्या जाळ्या बडवल्या. श्रेयनामावलीत खरी नावं नाहीत. नेल्सन, ओटिस, लेफ्टी, चार्ली टी. ज्युनिअर आणि लकी हे एकाच बापाचे पाच पोरगे, अशी थाप मारलेली.

ही टोपणनावं म्हणजे जाहिरातीची युक्ती होती, असा आक्षेप घेता येतो. मुखपृष्ठावर पाचही चेहरे दिसत असताना कोण फसणार? मान्य. पण नावं श्रोत्यांपेक्षा एकमेकांपासून लपवायची होती, असं मला वाटतं. गाणी सगळ्यांच्या सामाईक नावावर टाकल्यावर कोणती ओळ कुणाची, हा वादच उरत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: ही सुखवस्तू मंडळींची चैन, तिचं एवढं कौतुक कशाला? पण १९८८ मध्ये यांची परिस्थिती काय होती ते पाहा. ऑर्बिसनच्या ‘ओह, प्रिटी वुमन’ला चोवीस वर्षं उलटून गेली होती. डिलनच्या नव्या अल्बमवर समीक्षक तुटून पडले होते. लिनचा आधीचा बँड मोडला होता. ‘क्लाउड नाइन’च्या आधीची पाच वर्षं हॅरिसनचा अल्बमच आला नव्हता. आपल्याच नावाचं ओझं काही दिवस खाली ठेवणं ही त्यांची गरज होती. आणि सारं सहजच झालं असंही नाही; स्वयंपाकघरातल्या त्या ध्वनिमुद्रणावर नंतर इंग्लंडात, हॅरिसनच्या घरच्या स्टुडिओत, भरपूर हात फिरवला गेला.

पहिला अल्बम ऑक्टोबर १९८८ मध्ये आला, अमेरिकेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत चढला, पुढे ग्रॅमीही घेऊन गेला. पण ६ डिसेंबरला ऑर्बिसन हृदयविकाराने गेला, वयाच्या ५२ व्या वर्षी. उरलेल्या चौघांनी १९९० मध्ये दुसरा अल्बम काढला आणि खोडसाळपणे त्याला ‘खंड ३’ म्हटलं. तो वाईट नाही, पण फिका आहे. ऑर्बिसनची उणीव हे एक कारण, आणि दुसरं माझ्या मते असं की या खेपेला बँड आधीपासून होता आणि गाणी जमवायची होती. ब्लाइंड फेथचाच क्रम परत आला, फक्त दडपण कमी होतं. विल्बरीज कधी प्रेक्षकांपुढे उभे राहिले नाहीत, याची हळहळ चाहते अजून करतात. पण मंचावर लेफ्टी आणि लकी कुणाला हवे होते? समोरून बीटल्सच्या आणि डिलनच्या जुन्या गाण्यांची फर्माईश झाली असती आणि पाचही नावं पुन्हा मानगुटीवर बसली असती.

दोन्ही अल्बम पुढे बरीच वर्षं बाजारात मिळत नव्हते. २००७ मध्ये ते एकत्र निघाले तेव्हा ब्रिटनमध्ये थेट पहिल्या क्रमांकावर गेले. तोवर हॅरिसनही गेला होता. ऐकायचे असतील तर पहिल्यापासून सुरुवात करा, त्याला पाऊण तासही लागत नाही. तिसरा खंड नंतर सवडीने ऐकला तरी चालेल.