विश्लेषण : देवयानीभोवतीच्या छोट्या दीर्घिका एकाच पातळीत का फिरतात?

अहिल्यानगर जिल्ह्यातील भंडारदरा-घाटघर परिसरात, पावसाळा सरल्यावरच्या अमावास्येच्या रात्री भाद्रपदेच्या चौकोनाजवळ एक पुसट, लांबट ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसतो. ही देवयानी दीर्घिका. अंतर सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे. छोटी दुर्बीण लावली आणि आकाश खरोखर काळे असले, तर तिच्या अगदी शेजारी आणखी दोन धूसर ठिपके सापडतात : एम 32 आणि एम 110. देवयानीभोवती अशा तीन डझनांहून अधिक छोट्या दीर्घिका आढळल्या आहेत. त्या कशा विखुरल्या आहेत आणि कशा फिरतात, यावरून खगोलशास्त्रात मोठा वाद सुरू आहे. विश्वाच्या रचनेचा आज सर्वमान्य असलेला सिद्धांतच त्यात पणाला लागला आहे.

उपदीर्घिका म्हणजे काय?

पृथ्वीभोवती चंद्र, तशा मोठ्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या छोट्या दीर्घिका म्हणजे उपदीर्घिका. आपल्या आकाशगंगेच्या सर्वांत ठळक उपदीर्घिका म्हणजे मॅगेलनचे दोन मेघ. मात्र ते नगरकरांच्या वाट्याला येत नाहीत. मोठा मेघ येथे क्षितिजावर जेमतेम एक अंश चढतो आणि धुरळ्यातच विरतो. छोटा तर उगवतच नाही. ते पाहायला बरेच दक्षिणेला जावे लागते.

अपेक्षा काय होती, दिसले काय?

प्रचलित सिद्धांतानुसार प्रत्येक मोठी दीर्घिका न दिसणाऱ्या कृष्णद्रव्याच्या प्रचंड गोळ्यात बसलेली असते आणि छोट्या दीर्घिका वेगवेगळ्या दिशांनी येऊन त्यात अडकतात. म्हणजे त्यांचे फिरणे साधारण कंदिलाभोवतीच्या किड्यांसारखे हवे. वर-खाली, आडवे-तिडवे, कोणाचा कोणाशी मेळ नाही.

प्रत्यक्षात चित्र खळ्यावरच्या मळणीसारखे दिसू लागले. तिवड्याभोवती बैल एकाच पातळीत, एकाच दिशेने फिरतात, तसे. आकाशगंगेच्या उपदीर्घिका एका पट्ट्यात येतात, हे डोनाल्ड लिंडन-बेल यांनी 1976 मध्येच दाखवले होते. हा पट्टा आकाशगंगेच्या तबकडीला जवळपास काटकोनात उभा आहे. पण तेव्हा माहीत असलेल्या उपदीर्घिका मोजक्याच होत्या, त्यामुळे योगायोग म्हणून विषय बाजूला पडला.

खरा धक्का 2013 मध्ये बसला. रॉड्रिगो इबाटा यांच्या गटाने देवयानीच्या 27 उपदीर्घिका तपासल्या. त्यातल्या 15 एका पातळ थरात सापडल्या. या थराचा पसारा 13 लाख प्रकाशवर्षे आणि सरासरी जाडी 50 हजारांहूनही कमी. भाकरीसारखाच चपटा म्हणायचा. शिवाय त्या 15 पैकी 13 एकाच दिशेने फिरत असल्याची चिन्हे होती. ‘नेचर’मधल्या या शोधनिबंधाच्या लेखकांत इबाटा यांचा 15 वर्षांचा मुलगा नील याचेही नाव होते; फिरण्याचा हा मेळ संगणकावर त्यानेच प्रथम टिपला होता. पुढे 2018 मध्ये नरतुरंग तारकासमूहातील सेंटॉरस-ए या दीर्घिकेभोवतीही 16 पैकी 14 उपदीर्घिकांच्या गतीत असाच मेळ आढळला. दोन ठिकाणी योगायोग मानता येतो, तिसऱ्या ठिकाणी जड जाते.

फिरणे मोजतात कसे?

गोम इथेच आहे. प्रकाशाच्या वर्णपटावरून एखादी दीर्घिका आपल्याकडे येते की दूर जाते, एवढे नेमके कळते. देवयानीचा थर आपल्याला कडेने दिसतो. त्याची एक बाजू जवळ येते, दुसरी लांब जाते, म्हणून तो फिरत असावा असा निष्कर्ष निघतो. पण दीर्घिकेची आडवी सरक या पद्धतीने दिसत नाही. समोरून येणाऱ्या एसटीचा वेग कळावा, पण ती पुढच्या फाट्यावर वळणार की सरळ जाणार हे कळू नये, तशातला प्रकार.

आकाशगंगेच्या उपदीर्घिका जवळ असल्याने त्यांची आडवी सरक गाया या युरोपीय अवकाश दुर्बिणीने मोजली. ती आकडेवारी वापरून टिल सावला यांच्या गटाने 2023 मध्ये दाखवले, की आपल्याकडचा पट्टा बराचसा तात्पुरता आहे. सिंह राशीतल्या दोन दूरच्या उपदीर्घिका, लिओ 1 आणि लिओ 2, सध्या नेमक्या अशा जागी आहेत की पट्टा उठून दिसतो. काही दशकोटी वर्षांत त्या पांगतील. मार्सेल पावलोव्स्की यांच्यासारख्या अभ्यासकांना हे पुरेसे वाटत नाही. आकाशगंगेपुरते सावला यांचे उत्तर वजनदार आहे. मात्र देवयानी आणि सेंटॉरस-ए यांचे कोडे त्याने सुटत नाही.

खोडदच्या दुर्बिणीचा काय संबंध?

नगर जिल्ह्याला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे : 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. जयराम चेंगलूर, आयेशा बेगम आणि सहकाऱ्यांनी तिच्यातून साठहून अधिक अंधूक, छोट्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजन वायूचे वेध घेतले. एनजीसी 3741 या एकांड्या दीर्घिकेत हा वायू दिसणाऱ्या भागाच्या आठपट दूर पसरलेला निघाला. मोठ्या दीर्घिकेच्या फार जवळ गेलेल्या उपदीर्घिकांचा वायू मात्र बहुधा ओरबाडला जातो. मॅगेलनच्या मेघांत तो अजून भरपूर आहे. ते आकाशगंगेजवळ अलीकडेच आले असावेत, या मताला त्यामुळे बळ मिळते. आणि येताना त्यांनी आपल्यासोबत काही छोट्या दीर्घिकाही आणल्या असाव्यात. असे टोळीने येणे हे पट्टा तयार होण्याचे एक संभाव्य कारण आहे.

पुढे काय?

वाद शमण्याऐवजी 2025 मध्ये वाढला. देवयानीच्या 37 पैकी एक सोडून सर्व उपदीर्घिका आकाशगंगेच्या दिशेला 107 अंशांच्या आत एकवटल्या आहेत, असे कोसुके कानेहिसा यांच्या गटाने दाखवले. संगणकीय प्रारूपांत अशी मांडणी 0.3 टक्क्यांहून कमी वेळा आढळते.

आता लक्ष आहे ते देवयानीच्या उपदीर्घिकांच्या आडव्या सरकीकडे. हबल दुर्बिणीने एनजीसी 147 आणि एनजीसी 185 या दोघींची सरक मोजली आणि 2020 मध्ये निकाल आला : दोघींची चाल थराशी जुळणारी आहे. (देवयानीच्या या दोन्ही सोबतिणी आकाशात शर्मिष्ठेच्या हद्दीत दिसतात, हे ययातीची कथा ठाऊक असलेल्यांना गमतीचे वाटेल.) थरातल्या बाकीच्यांपैकी बहुतेकींची मोजणी अद्याप व्हायची आहे. एवढ्या अंतरावरची सरक इतकी सूक्ष्म असते, की तीच दीर्घिका काही वर्षांच्या अंतराने पुन्हा टिपावी लागते.