गराजचं दार आणि आईची खोली



इथे मिनेसोटात थंडीची चाहूल लागली की गराजच्या दाराचा विषय निघतोच. गेल्या हिवाळ्यातला माझा अनुभव लिहितो.

आई सांगलीहून आली होती. (आई-वडिलांना उन्हाळ्यात बोलवावं हे मलाही कळतं, पण बाळाची ड्यू डेट आपल्या हातात नसते!) तिची खोली नेमकी गराजच्या वर. दोन-दोन मोजे घालूनही "पाय गार पडतात रे" म्हणायची. परतीचं तिकीट अलीकडे घ्यायची भाषा सुरू झाली, तेव्हा मी हललो.

दार जुनं, नुसत्या पत्र्याचं. सेल्समन म्हणाला, डोळे मिटून आर-१८ घ्या. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. दार १६ बाय ७ फूट, म्हणजे ११२ चौरस फूट. गराजला छोटा हीटर आहे; आत ४५ आणि बाहेर ५ अंश फॅरनहाइट धरलं. पत्र्याचा आर जेमतेम १, त्यातून तासाला ४४८० बीटीयू बाहेर. आर-६ ला साधारण ७५०, आर-१२ ला ३७५, आर-१८ ला २५०. म्हणजे पहिली उडी हजारांची, शेवटची फक्त सव्वाशेची! एका मंद बल्बाइतकी. शिवाय जाहिरातीतला आकडा बहुधा पॅनेलच्या मधल्या भागाचा असतो. सांधे आणि कडा धरल्या की तो उतरतो.

शेवटी पॉलियुरेथेन भरलेलं आर-१२ घेतलं. त्याच जाडीत थर्माकोलपेक्षा जास्त आर मिळतो. जुन्याच दारावर फोम चिकटवणार असाल तर वजन वाढून स्प्रिंगचा तोल जातो. त्या स्प्रिंगला स्वतः हात लावू नका, माणूस बोलवा.

आणि एवढं करून आईचे पाय गारच! मग गराजचं सीलिंग कापून पाहिलं. फायबरग्लास खाली लोंबलेलं, वरच्या फळीशी चांगली चार बोटं पोकळी, आणि वारा तिथून खेळतोय. ते भरून घेतलं, कडेच्या फटी बुजवल्या, दाराखालचं झिजलेलं रबर बदललं. दाराच्या निम्म्याहून कमी खर्च. आधी हेच करायला हवं होतं, पण सेल्समन दारच विकणार ना!

हो, आणि गाडी गराजमध्ये चालू ठेवून गरम करू नका, दार उघडं असलं तरी. कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. आईच्या खोलीत आता त्याचा अलार्म लावलाय.

आई मार्चपर्यंत राहिली. मोज्यांचा एक जोड उतरला. हिशोबाची एक्सेल शीट कुणाला हवी असेल तर कळवा, पाठवतो.